पवनचक्की फिरते कशाभोवती?

मैत्रिणींनो, घरात पृथ्वीचा गोल आहे का? मुलं लहान असताना घेतलेला, आता कपाटावर धूळ खात पडलेला? असेल तर जरा खाली काढा. नीट बघितलंत तर त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक ती वाकडी कमान. तिने गोलाला २३.५ अंशांत कलतं धरून ठेवलंय, ती स्वतः हलत नाही. आणि दुसरा तो गोल. तो कमानीत बसवलेल्या दांडीभोवती फिरतो. आपण कलतोय हे त्याच्या गावीही नाही! तो आपला स्वतःभोवती गरगर फिरतो. कलण्याचं काम कमानीचं, फिरण्याचं काम गोलाचं.

आता समजा कमान नाहीच. गोल हातात तिरका धरला आणि जमिनीतून सरळ वर जाणाऱ्या उभ्या रेषेभोवती फिरवला. काय होईल? उत्तर ध्रुव एका जागी राहणार नाही, तो हवेत वर्तुळ काढत सुटेल. पडायच्या बेतात आलेला भोवरा डुलतो ना, अगदी तसा. फिरणं तेच, कलही तेवढाच, पण नाचतोय मात्र सगळा गोल.

हे भूगोलाचं पुराण आज कशाला, असं तुम्हाला वाटेल. तर हा प्रश्न भूगोलाचा नाहीच. तो आहे संगणकावरच्या खेळाचा. आणि तो पडला होता आमच्या मंडळाच्या वाचनालयात येणाऱ्या अकरावीतल्या एका मुलीला.

आमच्या महिला मंडळाच्या वाचनालयात मागच्या खोलीत चार जुने संगणक आहेत. रविवारी दुपारी तिथे सात-आठ मुली येतात. खेळ खेळायला नव्हे, खेळ बनवायला. अभियांत्रिकीला असलेली आमच्याच गावची एक मुलगी सुट्टीला आली की त्यांना चार गोष्टी दाखवून जाते, बाकी त्या आपल्याआपण धडपडतात. गोडो नावाचं एक साधन आहे, फुकट मिळतं. अर्जेंटिनातल्या हुआन लिनिएत्स्की आणि आरिएल मांझूर या दोघांनी ते तयार केलं आणि २०१४ साली सगळ्यांसाठी खुलं केलं. त्यात खेळाचं जग मांडायची जागा असते, तिला लेव्हल एडिटर म्हणतात. खेळात जी घरं, रस्ते, डोंगर, दारं दिसतात ती कुणीतरी तिथे एकेक करून मांडलेली असतात. आपण रुखवत मांडतो ना, तसंच. हे इथे, ते तिथे, जरा मागे सरकव, आता बरं दिसतंय. फरक एवढाच की रुखवतातली वस्तू ठेवली की गप्प बसते, आणि इथे तिला हलवायचंही असतं.

तर या मुलीला मांडायचं होतं चाळकेवाडीचं पठार. साताऱ्याकडच्या बायकांना सांगायला नको. ठोसेघरचा धबधबा बघायला गेलं की पुढे त्या पांढऱ्या पवनचक्क्यांची रांगच लागते. तिने खांब केला, वर डोकं ठेवलं, तीन पाती लावली. आणि मग तिला कुठूनसं कळलं की पवनचक्कीच्या पात्यांचा आस अगदी आडवा नसतो, तो पुढच्या बाजूने किंचित वर उचललेला असतो, साधारण ५ अंश. का? तर वाऱ्याच्या जोराने लांबलचक पाती मागे वाकतात, ती खांबावर आपटू नयेत म्हणून. ही माहिती मलाही नवीन होती. इतक्या वर्षांत त्या रस्त्याने किती वेळा गेले असेन!

मुलीने आस उचलला. नीट दिसावं म्हणून ५ ऐवजी १५ अंश केला. आणि पाती फिरवली. झालं! पाती फिरायच्याऐवजी डुगडुगायला लागली. सायकलचं चाक आऊट झालं की कसं लडबडत फिरतं, तशी. "काकू, बघा ना, मी तर फक्त तिरकं केलंय," असं म्हणत ती रडकुंडीला आली.

तिरकं केलं म्हणून असं का व्हावं? मी बी. ए. झालेली बाई. माझं गणित दहावीला सुटलं ते सुटलंच. पण त्या मुलींच्या शेजारी खुर्ची टाकून बसले आणि जे समजलं ते सांगते.

संगणकात प्रत्येक वस्तूच्या वळणासाठी तीन आकडे असतात, एक्स, वाय आणि झेड. एकाने वस्तू पुढे-मागे कलते, एकाने ती उभ्या रेषेभोवती वळते, एकाने कुशीवर होते. आपल्याला वाटतं, तीन आकडे भरले, काम झालं. पण संगणक ते तिन्ही एकदम लावत नाही, एकामागून एक लावतो. आणि क्रम बदलला की उत्तर बदलतं!

पटत नाही? एक पुस्तक घ्या, पाककृतींचं चालेल. मुखपृष्ठ तुमच्याकडे करून उभं धरा. आधी ते घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पाव फेरा फिरवा, मग त्याची वरची कड पलीकडे पाडून ते उताणं करा. पुस्तक टेबलावर आडवं, मुखपृष्ठ छताकडे. आता पुन्हा पहिल्यापासून, पण उलट क्रमाने. आधी पलीकडे पाडून उताणं करा, मग तुमच्या बाजूने बघताना घड्याळाच्या काट्यासारखा पाव फेरा द्या, म्हणजे डावी बाजू वर येईल आणि उजवी खाली जाईल. पुस्तक आता कडेवर उभं, मुखपृष्ठ उजवीकडे! कृती त्याच दोन, साहित्य तेच, पदार्थ मात्र निराळा. स्वयंपाकघरात आपल्याला हे शिकवावं लागत नाही. फोडणी आधी की पाणी आधी, याने काय होतं ते आपण रोज बघतो.

त्या मुलीची पाती एक्सच्या दिशेला तोंड करून होती. तिने झेडच्या आकड्याने कल दिला आणि एक्सचा आकडा वाढवत नेऊन पाती फिरवली. गोडो आधी झेड लावतो, मग एक्स, मग वाय. म्हणजे पाती आधी कलली आणि मग त्या कललेल्या अवस्थेत आडव्या रेषेभोवती फिरली, स्वतःच्या तिरक्या दांडीभोवती नव्हे. कमानीशिवायचा पृथ्वीचा गोलच तो! गंमत म्हणजे हीच पाती झेडकडे तोंड करून बनवली असती आणि कल एक्सने दिला असता, तर बिनबोभाट नीट फिरली असती, आणि आपलं नेमकं काय बरोबर आलं हे तिला कधी कळलंच नसतं. हेही तिनेच दोन रविवार खर्चून शोधून काढलं. मला विचाराल तर पवनचक्कीपेक्षा हे शोधणं मोलाचं.

मग उपाय काय? तोच, कमानीचा. मध्ये एक रिकामी वस्तू घालायची. तिला आकार नाही, रंग नाही, खेळात ती दिसत नाही. फक्त ती तिरकी करून ठेवायची आणि पाती तिच्या पोटात द्यायची. संगणकाच्या भाषेत वरच्या वस्तूला पेरेंट म्हणतात, आतल्या वस्तूला चाइल्ड. पेरेंट म्हणजे आई की बाप, हे काही संगणकाने सांगितलेलं नाही, पण आमच्या मुलींनी तिला परस्पर आई करून टाकलंय. आई तिरकी उभी राहते, मूल आपल्या सरळ आकड्यांनी स्वतःभोवती फिरतं, त्याला कलाचा पत्ताही लागत नाही. खांबावर आधी डोकं, ते वाऱ्याकडे वळतं. डोक्याच्या आत ती न दिसणारी तिरकी आई. तिच्या आत पाती. एकेकाला एकेकच काम. कुणी कुणाच्या कामात लुडबुड करायची नाही, की पवनचक्की सुरळीत.

जिला आकार नाही, जी दिसत नाही आणि जिच्यावर सगळा कल पेललेला असतो तिलाच मुलींनी आई म्हणावं, यावर मी काही बोलत नाही. ज्यांना समजायचं त्या समजल्या असतील.

बरं, हा पेच काही आमच्या खोलीत पहिल्यांदा पडला असं नाही. १९९८ साली अमेरिकेतल्या व्हॉल्व्ह कंपनीचा 'हाफ-लाइफ' नावाचा खेळ आला. खेळाच्या सीडीबरोबर त्यांनी लेव्हल एडिटरसुद्धा देऊन टाकला, त्याचं नाव 'वर्ल्डक्राफ्ट'. बेन मॉरिस नावाच्या गृहस्थांनी तो मुळात 'क्वेक' या दुसऱ्याच खेळासाठी लिहिला होता. पुढे त्याला 'हॅमर' म्हणू लागले. त्यात फिरणाऱ्या वस्तूसाठी 'फंक रोटेटिंग' असा प्रकार होता. काही न सांगता ठेवलं तर वस्तू छताच्या पंख्यासारखी उभ्या आसाभोवती फिरे. एक्स किंवा वाय असं लिहिलेल्या चौकोनात खूण केली की आडव्या आसाभोवती. फिरण्याचं केंद्र दाखवायला मध्यभागी एक छोटा ठोकळा ठेवायचा, तो खेळात दिसत नसे. पण तिरक्या आसासाठी चौकोनच नव्हता! मग लोक युक्त्या-प्रयुक्त्या करत बसायचे. असल्या धडपडीतूनच १९९९ मध्ये मिन्ह ली आणि जेस क्लिफ या दोन तरुणांनी 'हाफ-लाइफ'वर 'काउंटर-स्ट्राइक' उभा केला. तुमच्या-माझ्या घरातल्या मुलांनी सायबर कॅफेत पैसे आणि वेळ घालवला तो याच खेळावर. बनवणारेही त्यांच्यासारखेच कुणीतरी होते, हे मात्र आपल्या मुलांना कुणी सांगितलं नाही.

आणखी मागे गेलं तर गाठ पडते ऑयलर यांच्याशी. लिओनार्ड ऑयलर, स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले, रशियात सेंट पीटर्सबर्गला स्थायिक झालेले थोर गणिती. १७७५ साली त्यांनी सिद्ध केलं की एखाद्या टणक वस्तूचा एक बिंदू जागेवर ठेवून तिला कितीही वेळा, कशीही फिरवा, ती शेवटी ज्या स्थितीत येते ती एकाच कुठल्यातरी आसाभोवती एकदाच फिरवून मिळवता येते. कितीही गुंता केलात तरी शेवटी आस एकच. आणि हे मांडताना त्यांना जवळजवळ दिसत नव्हतं. एक डोळा आधीच गेलेला, दुसरा १७७१ च्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर गेला. न बघता, मनातल्या मनात वस्तू फिरवून त्यांनी हे ओळखलं.

मग डब्लिनचे हॅमिल्टन. १६ ऑक्टोबर १८४३ ला बायकोबरोबर कालव्याच्या काठाने चालले होते. चालता चालता पुलाजवळ त्यांना फिरवण्याच्या गणिताची किल्ली सापडली, आणि तिथेच पुलाच्या दगडावर त्यांनी सूत्र कोरलं. त्या संख्यांना क्वाटर्निअन म्हणतात. तीन आकड्यांची पद्धत कधी कधी अडते. मधला आकडा ९० अंशांवर गेला की उरलेले दोन आकडे एकच काम करू लागतात, एक वळण हातचं जातं. क्वाटर्निअनमध्ये ही अडचण येत नाही, म्हणून आजचे खेळ फिरवण्याचा हिशोब पडद्याआड त्यांच्यातच ठेवतात. हॅमिल्टन यांनी पुढे मुलाला लिहिलं होतं की तुझी आई मधूनमधून माझ्याशी बोलत होती, पण माझ्या मनात आत दुसराच विचार चालू होता. वाचून हसू आलं. दीडशेहून जास्त वर्षं झाली, नवऱ्यांचं तेच चाललंय!

असो. खरा मुद्दा पुढे आहे.

आमच्या मंडळाच्या कार्यकारिणीत प्रस्ताव आलाय की रविवार दुपारचा हा वेळ बंद करावा आणि संगणक सरकारी टायपिंग परीक्षेच्या वर्गाला द्यावेत. टायपिंगला मुली येतील, फी येईल, प्रमाणपत्र मिळेल. "खेळ बनवून काय करणार आहेत पोरी? उद्या लग्न होऊन जातील," असं एक बाई बैठकीत म्हणाल्या. त्यांचा हेतू वाईट नाही. गावात नोकरी देणाऱ्या चार ठिकाणी टायपिंगच विचारतात, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. टायपिंग शिकूच नये असं मी कधीच म्हणणार नाही. एमएस-सीआयटीने आणि टायपिंगने आपल्याकडच्या कितीतरी मुलींना स्वतःच्या पायावर उभं केलंय.

पण बघा ना, मुलग्यांना जागेचं, वस्तूंचं, फिरण्याचं ज्ञान न मागता मिळतं. सायकलचं चाक खोलून बसले तरी कुणी ओरडत नाही. मोटर उघडतात, पतंगाची कमान बसवतात, काकाच्या गॅरेजमध्ये पाना धरतात. मुलगी पाना धरायला गेली की "राहू दे, हात काळे होतील." आणि मग दहावीला भूमितीत ती कच्ची निघाली की आपणच म्हणतो, मुलींना हे जमत नाही. जमणार कुठून? तिच्या हातात फिरणारी वस्तू आपण दिलीच कधी? जातं होतं, रवी होती, तीही आता गेली, मिक्सरचं बटण आलं. (जातं परत आणा असं मी म्हणत नाहीये हो! ज्यांनी दळलंय त्यांना विचारा.)

त्या रविवारच्या खोलीत मुलीच्या हातात पवनचक्की होती. पडद्यावरची का असेना. ती चुकीची फिरत होती म्हणून तिला क्रम कळला, आस कळला, एकाचं वळण दुसऱ्याच्या वळणात कसं मिसळतं ते कळलं. कारखान्यातला यंत्रमानवाचा हात असाच खांदा, कोपर, मनगट एकात एक गुंफून चालतो. आयटीआयमध्ये यंत्रावर तिरका भाग कापणाऱ्या मुलालाही हेच लागतं. उद्या ती यातलं काहीच करणार नाही, असंही होईल. पण टायपिंगच्या वर्गात समोरच्या कागदावर आहे तेच उतरवायचं असतं, आणि इथे समोर कागदच नसतो.

आयांची भीती मला कळते. "खेळ" हा शब्द ऐकला की पोटात गोळा येतो. रमीच्या ॲपवर घरं बुडालेली आपण पाहिली आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, आणि माझ्या मते तो बऱ्याच उशिरा केला. पण गोडोसारख्या साधनात पैसे लावायला काही नसतं. असते ती चिकाटी. तासभर बसून एक दार नीट उघडत नाही! व्यसन लागावं असं त्यात फारसं काही नाही, उलट कंटाळून निम्म्या मुली दुसऱ्या महिन्यात येईनाशा होतात. होऊ देत. ज्या राहतात त्या राहतात.

आणि बायकांचं हे क्षेत्रच नाही, असं म्हणणाऱ्यांना तीन नावं सांगते. रॉबर्टा विल्यम्स, दोन मुलांची आई, घर सांभाळणारी. स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरून तिने खेळ रचला आणि नवऱ्याने तो संगणकावर उतरवला. १९८० साली 'मिस्ट्री हाऊस' आला, त्यातून पुढे मोठी कंपनी उभी राहिली. दुसरी कॅरोल शॉ, तिने १९८२ चा 'रिव्हर रेड' केला. तिसरी किम स्विफ्ट. डिजीपेन या संस्थेत शिकत असताना तिने आणि तिच्या सोबत्यांनी एक छोटा खेळ केला, तो पाहून त्याच व्हॉल्व्ह कंपनीने सगळ्या गटाला कामावर घेतलं. २००७ मध्ये त्यातून 'पोर्टल' झाला. भिंतीत एक दार उघडायचं, छतात दुसरं, आणि यातून शिरून त्यातून पडायचं. जागा आणि दिशा यांचाच खेळ तो, गोळीबाराचा नव्हे. बाजारातल्या खेळांत मारामारी फार आणि बायका शोभेच्या, ही तक्रार मी स्वतः करते. मग मांडणाऱ्यांत आपल्या मुली नकोत का?

महागडं यंत्र लागतं, हाही गैरसमज आहे. वस्तू घडवायला ब्लेंडर आहे, तोही फुकट. २००२ मध्ये लोकांनी १ लाख युरो वर्गणी काढून तो सगळ्यांसाठी मोकळा करून घेतला. त्यावर बनलेला लाटव्हियाचा 'फ्लो' हा मांजराचा सिनेमा २०२५ च्या ऑस्करमध्ये सर्वोत्तम ॲनिमेशनपट ठरला. आमच्या जुन्या संगणकांवर हे सगळं जरा रडतखडत चालतं, पण चालतं.

बुधवारी कार्यकारिणीची बैठक आहे. टायपिंगचा वर्ग रविवारी सकाळी नऊ ते बारा घ्यावा, खोली तेव्हा रिकामीच असते. दुपारी दोन ते चार मुलींकडे राहावे. फी नाही, परीक्षा नाही, आठवीच्या पुढची कुठलीही मुलगी येऊ शकते, आणि आईला आत बसून बघायचं असेल तर खुर्ची आहे. हा माझा लेखी प्रस्ताव मी कालच सचिवांकडे दिलाय. चारपैकी एका संगणकाचा माऊस गेलाय, तेवढा कुणाच्या घरी जास्तीचा पडला असेल तर वाचनालयात आणून द्या. पवनचक्कीवाली मुलगी आता जत्रेतला आकाशपाळणा करतेय. चाक फिरतं, पण पाळण्यात बसलेली माणसं वर जाईपर्यंत उलटी होतात. ती म्हणते, पाळण्याला चाकाच्या उलट फिरवावं लागेल, तेवढंच, त्याच वेगाने. या रविवारी बघू.